भाडे कोणाच्या खिशातून येते? चेंबूरच्या एका वन बीएचकेचा हिशेब

पासष्टीच्या आसपासच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही तेच म्हणतो. गिरगावात पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायमच्या मिळालेल्या, दोन खोल्यांत एकट्या राहतात, मुलगा-सून ठाण्याला. पेन्शन महिन्याला ४५ हजार. यजमानांच्या मागे राहिलेली रक्कम आणि रत्नागिरीकडची कलमांची बाग विकून आलेले पैसे मिळून हातात दीड कोटी. इच्छा एकच: मुंबईत एक घर घ्यावे, भाड्याने द्यावे आणि दर महिन्याला येणाऱ्या भाड्यावर म्हातारपण निर्धास्त जावे. मुलाचेही मत तेच, कारण मात्र वेगळे. त्याच्या मते मुंबईतल्या जागेचा भाव कधी खाली येत नाही.

एजंटने चेंबूरच्या टिळकनगरमधला एक वन बीएचके आणला. पुनर्विकास होऊन उभा राहिलेला टॉवर, ४२० चौरस फूट कार्पेट, किंमत १ कोटी ३५ लाख. आत भाडेकरू, चालू भाडे ४२ हजार. एजंटचे म्हणणे सरळ होते: "मॅडम, घर शोधायला नको, भाडेकरू शोधायला नको. रजिस्ट्रेशन झालं की पुढच्या महिन्यापासून भाडं तुमच्या खात्यात."

४२ हजार गुणिले १२ म्हणजे ५ लाख ४ हजार. १ कोटी ३५ लाखांवर पावणेचार टक्क्यांच्या जवळपास. मुंबईत घरभाड्याचा परतावा अडीच ते साडेतीन टक्क्यांत घुटमळतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला पावणेचार म्हणजे लॉटरीच वाटेल. मुलाला तसेच वाटले. मला हा आकडा जरा जास्तच चांगला वाटला. बाईंना टक्केवारीत रस नव्हता, त्यांची भीती वेगळीच होती.

त्या म्हणाल्या, "मी स्वतः पन्नास वर्षं भाडेकरू आहे. आमच्या मालकाने काय काय करून पाहिलं, मला हलवता आलं नाही. उद्या माझा भाडेकरू असाच बसला तर?"

ही भीती गिरगावात वाढलेल्या माणसाला असणारच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, त्यातून पागडी आली, आणि मालक नावापुरता मालक उरला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण जुन्या भाडेकरूंचे संरक्षण तसेच राहिले. बाईंचे भाडे आजही काही शे रुपयांत आहे. पण नवे घर आपण पागडीने देत नाही, लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या परवानगीने देतो, आणि त्याच १९९९ च्या कायद्याचे कलम २४ मालकाच्या बाजूचे आहे. मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. नाही सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे, आणि जादा राहिलेल्या काळाचे दुप्पट शुल्क मागता येते. अट एकच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकावर आहे. करार नोंदवला नाही तर दंड किंवा कैद हा एक भाग झाला, पण त्याहून जाचक असे की वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे आधी खरे धरले जाते. आणि करार न नोंदवून लोक किती पैसे वाचवतात? ११ महिन्यांचे भाडे, अधिक अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले व्याज, यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ४२ हजार भाडे आणि दीड लाख अनामत असेल तर १,२०० रुपयांच्या आत, वर नोंदणीचे १,०००. बावीसशे रुपयांसाठी दीड कोटीचे घर टांगणीला लावणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार?

बाईंची ही भीती गेली. पण व्यवहाराचे खरे दुखणे भाडेकरू जाणार नाही यात नव्हते. तो जाणार यात होते.

खोकी न सोडलेले घर

घर पाहायला आम्ही गेलो तेव्हा भाडेकरू कुटुंब घरीच होते. नवरा-बायको, दोन मुले, सासूबाई. पाच माणसे ४२० फुटांत. घर नीट ठेवलेले, पण भिंतीवर एक खिळा नाही. देवांच्या तसबिरी फ्रीजवर टेकवलेल्या. बेडरूमच्या कोपऱ्यात छतापर्यंत खोकी रचलेली, सुतळीने बांधलेली, त्यांवर मार्करने जुन्या इमारतीचा नंबर आणि "भांडी, वरची फळी", "दिवाळीचे" असे लिहिलेले. चहा देताना भाडेकरूची बायको सहज म्हणाली, "आमचं काय, नवीन बिल्डिंग झाली की गेलोच. सोडून परत कोण बांधणार?"

एजंटला हे ठाऊक होते, त्याने सांगितले नव्हते इतकेच. कुटुंब पलीकडच्या गल्लीतल्या म्हाडाच्या जुन्या इमारतीतले. इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डर पर्यायी निवासाचे महिन्याला ४० हजार देतो, हे त्यात दोन हजार घालून इथे राहतात. वर्षभराच्या भाड्याचे धनादेश बिल्डर आगाऊ देतो, त्यामुळे भाडे पाच तारखेच्या आत हजर. एकदाही चुकलेले नाही.

म्हणजे ४२ हजारांतले ४० हजार त्या कुटुंबाच्या कमाईतून येतच नव्हते. ते एका प्रकल्पाच्या खर्चातून येत होते, आणि प्रकल्पाला शेवटची तारीख असते.

टिळकनगर समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते. म्हाडाच्या नंबर दिलेल्या, बुटक्या, भरपूर मोकळी जागा सोडून बांधलेल्या इमारतींची ही वसाहत. विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(५) कलमाखाली म्हाडाच्या वसाहतींना ३ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, मिळतो, म्हणून एकेक इमारत पडते आणि तिच्या जागी टॉवर उठतो. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचेच सुभाषनगर, सगळीकडे हीच गोष्ट कमी-जास्त प्रमाणात चालू आहे.

आता भाड्याच्या बाजाराचे काय होते ते पाहा. समजा जुन्या इमारतीत ४० घरे. इमारत रिकामी करायची नोटीस आली की ४० कुटुंबे एकाच महिन्यात घर शोधायला निघतात. मुलांची शाळा इथली, सासूबाईंचा डॉक्टर इथला, त्यामुळे चालत जाण्याच्या अंतरापलीकडे कोणी जायला राजी नसते. बिल्डर किती भाडे देतो ही गोष्ट गुप्त राहत नाही. आठ दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक मालकाला आणि एजंटला ती कळते. मग तोच आकडा परिसराचा भाव होतो. बिल्डर ४० देतो ना, मग ३४ ला कशाला द्यायचे? भाडे घासाघीस करून ठरतच नाही, बिल्डरच्या करारनाम्यातून थेट बाजारात उतरते. त्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे संक्रमण भाडे उत्पन्न नव्हे, त्यावर टीडीएस कापायचा नाही, असा निर्वाळा दिला. त्यामुळे पैसा न कापता सभासदाच्या हाती येतो आणि तसाच पुढे मालकाच्या हाती जातो.

तीन-चार वर्षांनी उलटी गंगा. टॉवरला ओसी (राहायला जाण्याची परवानगी) मिळते, ४० कुटुंबे परत जातात, ४० भाड्याची घरे एका दमात रिकामी होतात. शिवाय त्या टॉवरमध्ये बिल्डरने विकलेली आणखी साठ-सत्तर घरे असतात. त्यांतली बरीच बाईंसारख्यांनीच घेतलेली, तीही भाड्याने द्यायलाच. मागणी गेली आणि पुरवठा आला, दोन्ही एकाच दिवशी.

बाईंना हे माझ्याआधी उमगले. "आमच्या चाळीचंही चाललंय," त्या म्हणाल्या. "उद्या बिल्डरने मला भाडं दिलं तर मीसुद्धा गिरगाव सोडणार नाही. जे मागतील ते देईन, माझं थोडंच जाणार आहे?"

मुलाने हरकत घेतली, आणि ती वाजवी होती. एक इमारत परत गेली तर दुसरी पडते. चक्र चालूच राहील, मग मागणी संपणार कशी? संपणार नाही हे खरे. प्रश्न वेळेचा आहे: पडणाऱ्या इमारती जास्त की उभ्या राहणाऱ्या? हे अंदाजाने बोलण्याची गरज नाही, बघता येते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर नोंदलेल्या प्रत्येक प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख, विक्रीच्या घरांची संख्या आणि किती घरांची नोंदणी झाली ते दिसते. जुने सभासद किती हे सोसायटीच्या सेक्रेटरीला नाहीतर बांधकामावरच्या वॉचमनला विचारायचे. मी आणि बाईंचा मुलगा आसपासच्या गल्ल्या पायी फिरलो आणि वहीत दोन रकाने केले. एका रकान्यात अलीकडे रिकाम्या झालेल्या किंवा होऊ घातलेल्या इमारती, दुसऱ्यात पुढच्या दोन वर्षांत ताबा देणाऱ्या. दुसरा रकाना बराच लांब झाला. टिळकनगरची मोठी लाट आधीच येऊन गेलेली होती. आता ती परत फिरायची वेळ जवळ येत होती. आमच्या या कुटुंबाच्या इमारतीचे वरचे मजलेही गल्लीतून दिसत होते, खिडक्या बसायच्या राहिलेल्या.

याची दुसरी बाजू आणखी वाईट. बिल्डर अडकला तर? मुंबईत अर्धवट राहिलेल्या पुनर्विकासांची उदाहरणे हवी तितकी आहेत. काम थांबते, मग भाड्याचे धनादेश थांबतात. अशा वेळी भाडेकरू पळून जात नाही, त्याला जायला जागाच नसते. तो राहतो आणि देत नाही. कलम २४ हाताशी असले तरी म्हातारी सासू आणि शाळेतली मुले असलेल्या, स्वतःच फसलेल्या कुटुंबाला बाहेर काढायला लागणारे मन सगळ्यांकडे नसते. बाईंकडे तर नव्हतेच.

मग खरे भाडे किती?

ज्याच्या खिशातून पैसा जातो तो माणूस या घराला काय देईल, हे काढायचे होते. जागांच्या संकेतस्थळांवर ४०-४५ हजारांचे आकडे होते, पण ते मालकाने मागितलेले भाडे, मिळालेले नव्हे. मिळालेले भाडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये सापडते. गाव, मिळकत क्रमांक आणि वर्ष टाकले की सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, उघडते आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सचे करारही येतात. काम किचकट आहे, पण एजंटच्या दहा वाक्यांपेक्षा एक सूची बरी. याच टॉवरमधले, शेजारच्या इमारती रिकाम्या होण्याआधीचे करार ३२ ते ३५ हजारांत होते. त्यानंतरचे एकदम ४० च्या पुढे. मधल्या काळात टॉवरमध्ये काही सुधारले नव्हते, पार्किंगची ओरड तीच होती.

मग खिशातून भाडे भरणारे इथे कोण येतात ते पाहिले. टिळकनगरला असा भाडेकरू नाही असे मुळीच नाही. हार्बरचे स्टेशन चालत, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ पासून, आणि बीकेसी कनेक्टर २०१९ मध्ये सुरू झाल्यावर बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आवाक्यात आली. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, पलीकडे अणुशक्तीनगर. बीकेसीत नोकरी करणारी तरुण जोडपी, संशोधक, दोघे-तिघे मिळून राहणारे विद्यार्थी, असा वर्ग आहे. पण तो पगारातून देतो. घरभाडे हाती येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये असे तो पाहतो. ४२ हजार द्यायचे तर घरात सव्वा लाख यायला हवेत, आणि सव्वा लाख येणारे जोडपे ४२० फुटांत राहताना दहा वेळा विचार करते. शिवाय या वर्गाला पर्याय असतात. त्याची शाळा, डॉक्टर, भिशी काही इथे अडकलेले नसते. हिवाळ्यात माहुलच्या रिफायनरीचा आणि देवनारच्या कचरापट्टीचा वास आला की तो सरळ दुसरीकडे पाहतो. विद्यार्थ्यांना घर द्यायला तर या सोसायटीचीच नाखुशी होती.

एजंटने मेट्रोचा मुद्दा काढला, डायमंड गार्डनजवळून जाणारी २बी. मेट्रोबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. मेट्रो विक्रीच्या भावात शिरते ती खांब उभे राहायच्या आधी. भाड्यात शिरते ती गाडी धावल्यावर, आणि तीही हळूहळू, कारण भाडेकरू भविष्याचे पैसे देत नाही. १ कोटी ३५ लाखांत मेट्रोचे पैसे विक्रेत्याने आधीच लावलेले होते.

एका संध्याकाळी, आठच्या सुमारास, आम्ही टॉवरसमोर उभे राहून उजेड असलेल्या खिडक्या पाहिल्या. ही माझी जुनी सवय. सगळे जण जेवायला घरी असतात त्या वेळी वरच्या मजल्यांवर सलग अंधार असेल तर तिथे गुंतवणूकदारांची रिकामी घरे आहेत, म्हणजे आपल्या भाडेकरूसाठी आपल्याच इमारतीत स्पर्धा आहे. या टॉवरमध्ये वरच्या भागात अंधार बराच होता. वॉचमननेही दुजोरा दिला.

या सगळ्यावरून आम्ही ३४ हजार धरले. मुलगा ३७ म्हणत होता. ३७ धरले तरी पुढचे फार बदलत नाही.

कागदावर

१ कोटी ३५ लाख ही घराची किंमत, व्यवहाराची नव्हे. मुंबईत मुद्रांक शुल्क उपकरासह ६ टक्के, बाईंच्या एकटीच्या नावावर घेतल्यास १ टक्क्याची सवलत, म्हणून ६ लाख ७५ हजार. नोंदणी ३० हजार. एजंटचा एक टक्का, १ लाख ३५ हजार. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य नियमाप्रमाणे कमाल २५ हजार. रंग, नळ, स्वयंपाकघरातली फळी यासाठी १ लाख. एकूण १ कोटी ४४ लाख ६५ हजार.

भाड्यातून आता वजाबाक्या. वर्षात सरासरी एक महिना घर रिकामे धरायचे. हा महिना नशिबाचा भाग कमी आणि कॅलेंडरचा जास्त असतो: मुंबईत कुटुंबे एप्रिल-मेमध्ये घर बदलतात, भर पावसात कोणी टेम्पो लावत नाही, आणि पितृपक्षात तर कोणी घर बघायलासुद्धा येत नाही. या घराचा चालू करार सप्टेंबरमध्ये संपत होता. नवा केला तर मे महिन्यात संपेल अशी मुदत ठेवा, असे मी बाईंना सांगितले होते. कलम २४ ला मुदत अकराच महिन्यांची हवी असे काही बंधन नाही. ती निव्वळ सवय आहे.

दोन वर्षांनी नवा भाडेकरू धरला तर एका महिन्याची दलाली, म्हणजे वर्षाला अर्धा महिना. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला ५,५००, वर्षाला ६६ हजार. त्यावर भाड्याने दिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क. २००१ च्या शासकीय आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, इथे वर्षाला ४ हजारांच्या आसपास. काही सोसायट्या अजूनही मनाला येईल ते लावतात, म्हणून खरेदीआधी बिल मागून पाहावे. मालमत्ता कर नाही, कारण पालिकेने १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची निवासी घरे करमुक्त केली आहेत. छोट्या घराचा हा एक खरा फायदा. रंगरंगोटी आणि दुरुस्तीसाठी वर्षाला २० हजार बाजूला.

४२ हजारांवर हाती राहतात ३ लाख ५१ हजार. १ कोटी ४४ लाख ६५ हजारांवर २.४३ टक्के. पावणेचार टक्के एवढ्यातच विरघळले. आणि भाडे ३४ हजारांवर आले तर उरतात २ लाख ६७ हजार, म्हणजे १.८५ टक्के.

याच्या शेजारी मी एकच ओळ लिहिली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात, त्या वेळचा दर ८.२ टक्के, वर्षाला २ लाख ४६ हजार. तीस लाखांचे व्याज आणि जवळजवळ दीड कोटीच्या घराचे निव्वळ भाडे यांत फरक वर्षाला २१ हजारांचा. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि आकडे पुन्हा तपासले. गणिताच्या शिक्षिका होत्या.

मुलाने इथे आपली बाजू मांडली आणि तिच्यात दम होता. व्याज वाढत नाही, भाडे दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढवता येते. व्याजावर कर पूर्ण, भाड्यातून ३० टक्के सरसकट वजा. आणि मुख्य म्हणजे घराचा भाव वाढतो, ठेवीचा नाही. म्हणून सगळे एका रेषेवर आणले. घराला लागणारे तेवढेच पैसे, ३० लाख ज्येष्ठांच्या योजनेत आणि उरलेले बँकेच्या ठेवीत पावणेसात टक्क्यांनी धरले, तर वर्षाला १० लाख २० हजार. पेन्शन मिळवून उत्पन्न बारा लाखांच्या करसवलतीच्या वर जाते, म्हणून लाखभर कर. हाती नऊ लाख. घर घेतले तर कर शून्य, पण हाती पावणेतीन ते साडेतीन लाख. वर्षाला साडेपाच ते सव्वासहा लाखांची ही दरी भावाच्या वाढीने भरून काढायची, म्हणजे घराची किंमत दर वर्षी चार ते पावणेपाच टक्क्यांनी वाढली तर बरोबरी. त्याआधी सुरुवातीच्या खर्चाचे साडेनऊ लाखांहून जास्त वसूल व्हायचे, ते निराळे.

वाढेल का तेवढा भाव? वाढेलही. मुंबईत तो त्याहून जास्त वाढलेली वर्षे आहेत, आणि वर्षानुवर्षे जागचा न हललेलाही आहे. पण तो प्रश्न भाड्याच्या बाजाराचा राहत नाही. भाववाढीवर पैज लावायची तर पंधरा-वीस वर्षे हातात हवीत, आणि मधल्या काळातला खर्च दुसरीकडून भागायला हवा. मुलाकडे दोन्ही आहे. बाईंना दर महिन्याला पैसे हवे होते, आणि वाढलेली किंमत महिन्याच्या एक तारखेला खात्यात येत नाही. ती यायला घर विकावे लागते.

नवी मुंबईतल्या घणसोलीचा एक फ्लॅटही मधे आला होता. ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांतला भाडेकरू पगारातून भाडे देतो, हे मला आवडले होते. पण सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क वेगळे, आणि बाईंना खाडी ओलांडून नळ गळतोय का ते बघायला जाणे जमणार नव्हते. तो विषय एका फोनमध्ये संपला.

काय ठरले

उलटा हिशेबही करून पाहिला होता: ३४ हजार भाडे आणि निव्वळ तीन टक्के हवे असतील तर या घरावर सगळे धरून ८९ लाखांपेक्षा जास्त घालता येत नाहीत. विक्रेत्याला हा आकडा सांगण्यात अर्थ नव्हता, आणि त्याचे चुकतही नव्हते. त्याच्या घराला त्या भावात स्वतः राहायला येणारे गिऱ्हाईक मिळू शकते. राहणारा आणि भाड्यासाठी घेणारा एकाच घरासाठी उभे राहिले तर मुंबईत पहिलाच जास्त देतो, म्हणूनच परतावा इतका खाली आहे.

दोन महिन्यांनी विक्रेता १ कोटी २८ लाखांवर आला. एजंटचा फोन उत्साहात होता, सात लाख कमी झाले होते. पुन्हा मांडले: सगळा खर्च धरून १ कोटी ३७ लाख २३ हजार, ३४ हजार भाड्यावर १.९५ टक्के. सात लाखांनी परतावा दशांश टक्क्याने सरकला. भाड्यातला आठ हजारांचा फरक मात्र त्याला अर्ध्या टक्क्याहून जास्त हलवत होता. बाईंनी नाही कळवले.

तीस लाख ज्येष्ठांच्या योजनेत गेले, त्याचे तिमाहीला ६१ हजार ५०० येतात. बाकीच्या ठेवी तीन बँकांत, वेगवेगळ्या महिन्यांत पिकतील अशा. वीस लाख बाईंनी बाजूला ठेवले आहेत, आणि ते कशासाठी हे मला सांगितलेले नाही. मुलगा स्वतःच्या नावावर कर्ज काढून घर घ्यायच्या विचारात आहे. कर्जाचा दर आठ टक्क्यांच्या आसपास आणि भाडे दोन-अडीच टक्के, मधला फरक पगारातून भरायचा. त्याचा हिशेब पुढच्या महिन्यात करायला बसणार आहोत. त्याला सध्या एवढेच सांगितले आहे की भाडेकरू बसलेले घर असेल तर कराराची प्रत टोकन देण्याआधी मागून घे, आणि भाड्याचा धनादेश कोणाच्या खात्यातून निघतो ते एजंटला लेखी विचार.